कोंबडीच्या मापाचं खुराडं

कोंबडीची जाळी एकदा हातात घेऊन नीट बघा. षटकोनाची एक बाजू चिमटीत धरा. दोन तारा एकमेकींना दोन-तीन पीळ घालतात, मग फाकतात, शेजारच्या तारांना भेटतात आणि पुन्हा पीळ घालतात. कुठे डाख नाही, कुठे गाठ नाही. मधली एक तार तुटली तरी बाकीची जाळी उसवत जात नाही, कारण प्रत्येक पीळ दुसऱ्या पिळाला धरून असतो. हे चक्क विणकाम आहे, लोखंडाचं विणकाम! आणि ते आलंही मागावरूनच. १८४४ साली इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्ड नावाच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने कापड विणायच्या यंत्रावरून कल्पना घेतली आणि तार विणणारं यंत्र तयार केलं. नॉर्विच हे लोकरी कापडाचं जुनं, नावाजलेलं गाव. म्हणजे जगभरच्या कोंबड्यांभोवती आज जी जाळी दिसते, तिचं माहेर विणकरांच्या गावात आहे.

मग सोलापूरइतकं खुराड्याला साजेसं दुसरं गाव कुठलं? चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या शहरात यंत्रमाग जुने होतात, मोडीत निघतात आणि भंगारात येतात. सागवानी लाकूड, लोखंडी अँगल, फण्या, रिकामे बीम. शेजारी उसाचा पट्टा असल्याने पाचट हवं तेवढं. शेंगाचटणीच्या गावात शेंगांच्या टरफलांना तोटा नाही. जुन्या घरांचं काम निघालं की उखडलेल्या शहाबादी फरश्या रस्त्याकडेला थप्पी लावून ठेवलेल्या असतात. परसात पाच-सहा कोंबड्यांपुरतं खुराडं उभं करायला लागणारं जवळजवळ सगळं इथे कुणीतरी टाकून दिलेलं आहे.

सामान भंगारवाला देईल. माप मात्र कोंबडीकडून घ्यावं लागतं. कुठली फट किती इंची, दांडी किती जाड, छप्पर किती उंच, यातल्या प्रत्येक आकड्यामागे तिच्या शरीरातलं एकेक नवल दडलेलं आहे, आणि ते कळत गेलं की साधं खुराडं बांधतानाही माणूस थक्क होत जातो.

सुरुवात जमिनीपासून करू. सोलापूरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात बोटभर रुंदीच्या भेगा पडेस्तोवर आकसते. तिच्यात नुसता खांब रोवला तर दोन पावसाळ्यांत तो कलतो. माती त्याला ढकलते, सोडते, पुन्हा ढकलते. म्हणून खड्डा दोन फूट घ्या आणि खांबाभोवती मुरूम भरून ठोकून बसवा. मुरूम फुगत नाही. विलक्षण गोष्ट अशी की ही काळी माती आणि हा मुरूम, दोघंही एकाच काळ्या पाषाणाची लेकरं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा थिजून तो पाषाण झाला. तो अर्धवट कुजला तर मुरूम, पुरता कुजला तर काळी माती. एकच आई, आणि स्वभाव इतके वेगळे!

आता शत्रू. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवायला उत्तम आहे, पण बाहेरच्याला बाहेर ठेवायला ती पुरी पडत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं, मांजर तिच्या भोकातून पंजा घालून पिल्लू ओढतं. मुंगूस तर भर दिवसा शिकार करतं, म्हणजे रात्री दार लावलं की काम झालं असंही नाही. म्हणून जमिनीपासून दोन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डमेश लावा, वर खुशाल षटकोनी जाळी चालेल. अंगणावर, म्हणजे कोंबड्यांच्या फिरायच्या बंदिस्त जागेवर, वरूनही झाकण हवं. शिक्रा आणि घार पिल्लं उचलतात. द्राक्षबागांवर पाखरांसाठी पसरतात ती जाळी जुनी झाली की शेतकरी काढून टाकतात. ती इथे वर्षानुवर्षं टिकते.

आणि खालून उकरून येणाऱ्याचं काय? इथे एक सुंदर युक्ती आहे. उकरणारा प्राणी थेट भिंतीला नाक लावतो आणि तिथेच पंजे चालवतो. दोन पावलं मागे सरकून उकरावं, हे त्याला सुचत नाही. तेव्हा जाळी जमिनीत खोल गाडत बसण्यापेक्षा भिंतीला लागून बाहेरच्या बाजूने दीड फूट रुंदीची शहाबादी फरशी आडवी अंथरा. जिथे पंजा पडेल तिथे दगड. या फरशीची दुसरी गोष्ट फार मजेची आहे, ती अंड्यापाशी पोचलो की सांगतो.

आता छप्पर, आणि इथे मी थोडा वेळ थांबणार आहे, कारण सोलापुरात कोंबडीचा जीव छपरावर अवलंबून असतो.

मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर असतं. या दोन आकड्यांकडे नीट पाहा. उष्णता नेहमी जास्त गरमकडून कमी गरमकडे जाते. दुपारी दोन वाजता बाहेरची हवाच कोंबडीपेक्षा गरम असेल, तर तिने आपली उष्णता टाकायची कुठे? आपल्याला घाम येतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नाहीत. तुरा आणि गळ्याखालच्या लोळ्या रक्ताने तांबूस होतात, त्यांतून थोडी उष्णता जाते, पण तीही हवा थंड असेल तरच. उरतो एकच मार्ग. ती चोच उघडते, पंख अंगापासून दूर धरते आणि धापा टाकायला लागते. घशातलं आणि श्वसनमार्गातलं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर हे फार छान चालतं. म्हणून सोलापूरचा कोरडा उन्हाळा कोकणच्या दमट उकाड्यापेक्षा कोंबडीला सोसवतो, फक्त तिला सावली आणि गार पाणी हवं.

पण या धापांची किंमत कुठे मोजली जाते, ठाऊक आहे? अंड्याच्या कवचात! सोड्याची बाटली उघडी ठेवली की तिच्यातला वायू जसा उडून जातो, तसा धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर निघून जातो. आणि कवच बनतं कॅल्शियम कार्बोनेटचं. त्यातला कार्बोनेट याच वायूपासून तयार होतो. वायू गेला, रक्ताचं संतुलन ढळलं, की कवच पातळ होतं. उन्हाळ्यात अंडी हातात फुटतात ती यामुळे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी उन्हाने त्रासलेल्या कोंबड्यांना साध्या पाण्याऐवजी चक्क सोडावॉटर पाजून पाहिलं, आणि कवच सुधारलं. गेलेला वायू पाण्यातून परत मिळाला!

आपण सोडा पाजायला नको, छप्पर नीट करू. नुसता पत्रा उन्हात इतका तापतो की हात लागत नाही, आणि खाली बसलेल्या कोंबडीवर तो वरून आग ओकत राहतो. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारा, ऊन परत फिरतं. त्यावर उसाचं पाचट वीतभर जाडीचं पसरा आणि जुन्या जाळीने बांधून टाका. आपल्याकडची माळवदाची घरं आठवा. लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर दिला की मे महिन्यातही आत झोप लागायची. तत्त्व तेच आहे, फक्त कोंबडीसाठी हलकं केलेलं.

तोंड कुठे करायचं? खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद भिंतींवर पडतं. दुपारच्या उन्हाची गंमत आणखी निराळी. सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! दक्षिणेकडून ऊन येतं असं धरून फक्त दक्षिणेला पडदी बांधणारे इथे फसतात. उन्हाळ्यात उत्तरेलाही हातभर पागोळी पुढे काढावी लागते.

छपराच्या लगेच खाली हवा जायला वाट हवी, आणि या कामाला मागाची जुनी फणी घ्यावी असं मला फार वाटतं. पाच-सहा फूट लांब, वीतभरही उंच नाही, पोलादी पात्यांची दाट रांग. ज्या फटींतून एकेकाळी चादरीचे ताण्याचे धागे सरकत होते, त्यांतून आता गरम, दमट हवा बाहेर पडते आणि मांजराचा पंजा आत येत नाही. पिसांच्या धुळीने फटी भरतात, अधूनमधून दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केल्या की झालं.

ही हवा खेळती का हवी, ते कळायला कोंबडीची विष्ठा पाहावी लागते. तिच्यावर पांढरा थर असतो ना, तेच तिचं मूत्र. पक्षी पाण्याची उधळपट्टी करत नाहीत. आपण जे पातळ करून टाकतो तेच पक्षी यूरिक ॲसिडच्या रूपात जवळजवळ कोरडं टाकतात. कारण बंद कवचात वाढणाऱ्या पिल्लाला मूत्र बाहेर टाकायची सोयच नसते. पातळ घाणीत ते गुदमरलं असतं. अंड्यातली ही काटकसर पक्षी जन्मभर पाळतो. पण जमिनीवर ओल आली की जिवाणू या यूरिक ॲसिडचा अमोनिया करतात, आणि त्याने कोंबडीचे डोळे चुरचुरतात, फुप्फुसं दुखावतात. म्हणून खाली कोरडं, शोषून घेणारं अंथरूण हवं. शेंगांची टरफलं यासाठी अप्रतिम. चार-सहा इंच थर द्या, आठवड्यातून एकदा खालीवर करा.

टरफलं मात्र कोरडी खडखडीत हवीत. बुरशी दिसली तर फेकून द्या. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या पटापट मेल्या. कारण कुणालाच कळेना. शोध घेता घेता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. तिच्यावर वाढलेल्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. आज शेंगदाण्यापासून मक्यापर्यंत जगभर ज्याची तपासणी होते, ते विष माणसाला पहिल्यांदा कळलं ते या पाखरांमुळे.

भंगारातल्या काही वस्तूंना मात्र हात लावू नका. फवारणीच्या औषधाची पिंपं, मग कितीही धुतलेली असोत. जुने सिमेंटचे पत्रे, कारण ते कापताना ॲस्बेस्टॉसची भुकटी आपल्याच छातीत जाते. एमआयडीसीतून येणारी लाकडी पॅलेट घेताना तिच्यावरचा शिक्का वाचा. परदेशी मालासोबत कीड येऊ नये म्हणून पॅलेटवर प्रक्रिया करायचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं आहे, ते बिनधास्त घ्या. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडच्या विषारी धुरातून गेलेलं आहे, ते राहू द्या.

आता झोपायची दांडी. कोंबडी जमिनीवर झोपत नाही, तिला उंच फांदी हवी असते. तिचे पूर्वज जंगलात रात्री झाडावर चढत, कारण अंधार पडला की तिला फारसं दिसत नाही. पण झोपेत ती पडत कशी नाही? तिच्या पायात वरच्या स्नायूंपासून बोटांपर्यंत लांब कंडरा, म्हणजे चिवट दोऱ्या, गेलेल्या असतात. ती बसली, पाय दुमडला, की कंडरा ताणल्या जातात आणि बोटं आपोआप दांडीभोवती मिटतात. शिवाय कंडरेचा खालचा पृष्ठभाग खरबरीत असतो, तो तिच्या आवरणातल्या कंगोऱ्यांत अडकून बसतो. म्हणजे पकड कायम ठेवायला ताकद लावावीच लागत नाही. तिचं वजनच तिला बांधून ठेवतं!

म्हणून दांडी तिच्या बोटांना झेपेल अशी, साधारण दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली. लोखंडी पाइप नको, तो थंडीत गार पडतो आणि उन्हात तापतो. मोडलेल्या मागाचं सागवान मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही. दर कोंबडीला वीतभर जागा धरा आणि सगळ्या दांड्या एकाच उंचीवर लावा. का? नॉर्वेतल्या थोरलेफ शेल्डरुप-एब्बे या माणसाला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद. कोण कुणाला टोचते याच्या तो नोंदी ठेवी. त्यातून १९२१ च्या सुमारास त्याने जगाला सांगितलं की कळपात पक्की उतरंड असते. पहिलीने कुणालाही टोचावं, शेवटचीने सगळ्यांचं खावं. दांड्या खालीवर असतील तर सगळ्यात वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी होते. याच कारणाने पाण्याची आणि दाण्याची भांडीही दोन ठिकाणी ठेवा, म्हणजे दुबळीला एक तरी मोकळं सापडतं.

अंडी घालायला पंधरा किलोचा तेलाचा डबा आडवा करा, एक बाजू कापा, कडा आत वळवून ठोका आणि आत पाचट भरा. गावठी कोंबडीला तो बेताचा बसतो. गिरिराज किंवा वनराजसारखी भारी कोंबडी असेल तर भाजीचा प्लॅस्टिक क्रेट घ्या. चार-पाच जणींना एक डबा पुरतो. तो अंधारा आणि आडोशाचा हवा, कारण अंडं घालण्याआधी कोंबडी अस्वस्थ होऊन अशी जागा शोधत फिरते. ही अस्वस्थता कुठून येते, हे शोधणाऱ्यांना मिळालेलं उत्तर वाचून मी अवाक झालो. आज घालायच्या अंड्याचं बीज काल अंडाशयातून सुटलेलं असतं. मागे राहते ती त्याची रिकामी पिशवी. तीच आज कोंबडीला सांगते, चल, घरटं शोध. अंडं शरीरातून पुढे सरकत असताना त्याचं सोडून आलेलं घर त्याच्यासाठी नव्या घराची तजवीज करत असतं.

आता त्या फरशीची गोष्ट. कवच चढायला जवळजवळ वीस तास लागतात आणि त्यातला बराच काळ रात्रीचा असतो. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम. कोंबडीच्या सगळ्या रक्तात मात्र एका वेळी पन्नास मिलिग्रॅमही नसतं! रात्री तर ती खातही नाही. मग ते येतं कुठून? हाडांतून. अंडी घालायच्या वयात येताना तिच्या लांब हाडांच्या पोकळीत खास, मऊसर हाड तयार होतं. दिवसा त्यात कॅल्शियम जमा होतं, रात्री ते काढून कवचावर चढतं. आणि हे कवच ज्याचं बनतं, त्याच कॅल्शियम कार्बोनेटची ती शहाबादी फरशी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आजच्या कलबुर्गीच्या बाजूला उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी बसलेला चुनखडक आपण अंगणात अंथरतो. फरशी तिला खाता येत नाही, पण शिंपल्यांचा चुरा एका वाटीत कायम ठेवा. घरातल्या अंड्यांची कवचं भाजून, कुटून दिलीत तरी चालेल. आपल्याला किती लागतं हे प्रत्येक कोंबडी बरोबर ओळखते, दाण्यात मिसळू नका.

अंगणात एका कोपऱ्यात जुना टायर टाका, त्यात कोरडी माती आणि चुलीची राख. कोंबड्या त्यात लोळतील, पंखांनी धूळ उडवतील, पिसं फुलवून ती मुळापर्यंत जिरवतील. हीच त्यांची आंघोळ. धूळ पिसांवरचं जास्तीचं तेल शोषून घेते आणि उवा-पिसवांना टिकू देत नाही. पाणी माठात, सावलीत ठेवा. गरम झालेलं पाणी कोंबडी फारसं पीत नाही, आणि उन्हाळ्यात तेच जिवावर बेततं.

लोळून उठलेल्या कोंबडीचे पाय पाहा. पिवळे आहेत? मग तुमच्या परसात सह्याद्री आला आहे. घरच्या कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे डार्विनपासून सगळे मानत आले आणि ते खरंही आहे. पण त्याच्यात पिवळ्या कातडीचं जनुक नाही. २००८ साली शास्त्रज्ञांनी ते जनुक शोधत नेलं, तेव्हा ते सापडलं करड्या रानकोंबड्यात. हा पक्षी फक्त भारतात, सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या रानांत राहतो. कधीतरी, कुठल्यातरी वस्तीच्या कडेला या करड्याचा पाळीव कोंबड्यांशी संबंध आला, आणि आज जगातल्या कोट्यवधी कोंबड्या आपल्या घाटातल्या पाखराचा पिवळा रंग पायांवर घेऊन फिरतात.

कोंबड्या आणल्यावर मानमोडीची लस दिली आहे का, ते आधी विचारून घ्या. पहिले तीन-चार दिवस त्यांना आतच कोंडा. मग एके दिवशी दिवस मावळायच्या तासभर आधी दार उघडा. फार लांब जायला वेळ नसतो, अंधारात दिसत नाही, त्या आपणहून आत येतात आणि घर कायमचं ओळखतात.

राहिला कोंबडा. अंड्यांसाठी त्याची गरज नसते, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते. पिल्लं हवी असतील तरच ठेवा. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. २०१३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठात याच्या उलट बाजूने पाहिलं गेलं. कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून तांबडंच झाकलं, तरी ते रोज ठरल्या वेळी आरवले. घड्याळ त्यांच्या आतच आहे, आणि उजाडायच्या सुमारे दोन तास आधीच ते वाजतं. पुढे त्याच संशोधकांना असंही दिसलं की आधी आरवतो तो उतरंडीतला पहिला, बाकीचे त्याच्या मागून. तेव्हा दाट वस्तीत राहत असाल तर शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. पोतं टाकून खुराडं कितीही काळोखं केलंत, तरी पहाटे चारच्या सुमाराला तो आरवणारच.